आधी पाय उचलून बघा : आमच्या दूध संस्थेच्या संचालक मंडळास खुले पत्र

माननीय अध्यक्ष आणि सर्व संचालक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात संकलन केंद्राच्या फळ्यावर, फॅट-एसएनएफच्या दरपत्रकाखाली, खडूने एक ओळ लिहिलेली दिसली : ‘खूर साळणी सेवा बंद. सभासदांनी आपापली सोय करावी.’ साळणी म्हणजे गाईचे वाढलेले खूर तासून मापात आणणं. ओळीखाली सही नाही, ठरावाचा क्रमांक नाही, तारीखसुद्धा नाही. पुढे पशुखाद्याच्या नव्या दरांना जागा हवी म्हणून ती ओळही पुसली गेली.

मी लेखी अर्ज दिला, पोच घेतली. उत्तर आलं ते तोंडी, सकाळच्या रांगेत, सगळ्यांसमोर : ‘वहिनी, संस्था दूध घेते. नखं कापायचं काम ज्याचं त्याने करावं.’ रांगेत हशा पिकला. उत्तर चारचौघांत मिळालं, तेव्हा माझं म्हणणंही चारचौघांत मांडते. संस्थेचं नाव मात्र लिहीत नाही. पडघा, किन्हवली, शहापूर, मुरबाड, कुठल्याही संस्थेच्या फळ्यावर ही ओळ उमटू शकते, आणि माझं भांडण त्या ओळीशी आहे. माणसांशी कसलं भांडण? आपल्यातले निम्मे संचालक आमच्या लग्नात जेवून गेलेले आहेत.

आमचा गोठा पडघा भागात, महामार्गापासून थोडा आत. सासऱ्यांच्या वेळी गावठी गाई होत्या. भात कापला की खाचरात आणि एरवी वरकसावर, म्हणजे माळरानाच्या हलक्या जमिनीवर, चरायच्या. त्यांचे खूर कोणी साळल्याचं सासूबाईंना आठवत नाही, कारण तशी गरजच पडायची नाही. दगडधोंड्यांतून रोज चालणारी गाय खूर जेवढा वाढतो तेवढा झिजवते. मग मुंबई-नाशिक महामार्गाच्या दोन्ही अंगांना गोदामं उभी राहिली. वरकस गेलं, चराई आक्रसली, गाईंच्या वाटांवर खडी पडली आणि कंटेनर धावू लागले. जमीन विकणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही, आमचीही थोडी गेली. पण आता आमच्या एच.एफ. (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गाई दिवसभर कोब्यावर बांधलेल्या असतात. दावणीपासून पाण्याच्या टाकीपर्यंत आणि परत, एवढंच त्यांचं चालणं. नवऱ्याची नोकरी कंत्राटी, गोदामातलीच. कंत्राट कधी संपेल ते कंत्राटदारालाही ठाऊक नसतं. दर दहा दिवसांनी येणारा दुधाचा पगार हाच आमच्या घरातला भरवशाचा पैसा. शाळेची फी, किराणा, सासूबाईंच्या गोळ्या, सगळं त्यातून. म्हणून गाय तीन पायांवर उभी दिसली की माझ्या पोटात गोळा येतो.

ज्यांनी रांगेत हसून घेतलं त्यांच्यासाठी थोडं सविस्तर लिहिते.

गाईच्या प्रत्येक पायाला दोन नख्या. नखीची पुढची भिंत महिन्याला साधारण ५ मिलिमीटर वाढते. बांधलेल्या गाईच्या बाबतीत ही वाढ नीट झिजत नाही. टाच खचते आणि नखीचं टोक पुढे वाढत जातं. उंच टाचेची चप्पल कोणी उलटी घातली तर तो जसा मागे कलंडेल, तशी ती गाय सगळा भार मागे टाकून उभी राहते. नखीच्या आत हाड असतं. हाड आणि तळव्याचं कठीण शिंग (खुराचं नखासारखं कवच) यांच्यामध्ये जिवंत, रक्ताने भरलेला पडदा असतो. भार मागे सरकला की हाडाच्या मागच्या कडेखाली तो पडदा चेंगरतो. बाहेरून काहीच दिसत नाही. आत रक्त साकळतं, शिंग नीट तयार होत नाही आणि काही आठवड्यांनी तळव्याला भोक पडतं. तळव्याचा व्रण म्हणतात तो हा. गाय विताना शरीरातले बंध सैलावतात, त्यात नखीतलं हाड धरून ठेवणारे बंधही आले. व्यायल्यावर गाय दुधावर येते, अंगावरची चरबी उतरते आणि टाचेखालची चरबीची गादीही पातळ होते. म्हणून हा व्रण बहुतेकदा वेतानंतर दोन-तीन महिन्यांनी, म्हणजे गाय ऐन दुधावर असताना वर येतो.

दुभती गाय लंगडते तेव्हा बहुतेक वेळा दुखणं खुरातच असतं. त्यातही मागच्या पायात, आणि मागच्या पायातही बाहेरच्या नखीत. कास मोठी, त्यामुळे मागचे पाय फाकतात आणि भार बाहेरच्या नखीवर जातो. आपण बघतो मात्र खांदा, मांडी, गुडघा. तेल चोळतो, शेक देतो. अजूनही काही वाड्यांवर तापल्या लोखंडाने डाग देतात. दुखणं हल्याला आणि डाग पखालीला अशी म्हण आहेच, इथे ती अक्षरशः खरी होते.

वर आपला पाऊस. ठाणे जिल्ह्यात चार महिन्यांत अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास कोसळतो. खुराचं शिंग पाणी शोषतं आणि मऊ पडतं. तळवा आणि भिंत जिथे जुळतात ती पांढरी रेषा उसवते. त्यात खडीचा कण घुसला की आत पू. शेण-मुताच्या रबरबाटात उभं राहून दोन नख्यांमधल्या बेचक्यात जखम झाली तर तिथे कुजायला लागतं, पाय सुजतो, ताप येतो. टाचेच्या वर, केसांच्या कडेला, लालभडक ओला चट्टा उठला तर तो डिजिटल डर्माटायटिस, खुरालगतच्या त्वचेचा आजार. १९७४ मध्ये इटलीतल्या पशुवैद्यांनी त्याचं पहिल्यांदा वर्णन केलं, आता जगभरच्या गोठ्यांत आहे. म्हणजे दुखणी निदान चार आणि चौघांचे उपचार वेगळे. आपल्याकडे सगळ्यांचं निदान दोन शब्दांत होतं. एक तर ‘खुरकूत असेल’, नाहीतर ‘लचक भरली’. लाळ्या-खुरकुताची लस वर्षातून दोनदा टोचून झालेल्या, तोंडात एक फोड नसलेल्या गाईलाही खुरकूत!

ही सेवा काय होती हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी एक सकाळ सांगते. आमची चंद्री व्यायल्याला तीनेक महिने झाले होते. मागचा उजवा पाय ती टेकवेना. सुया टोचून झाल्या होत्या. संस्थेने शिकवून तयार केलेला गावातलाच मुलगा टेम्पोतून खोडा, म्हणजे गाईला उभ्यानेच अडकवून धरायची चौकट, घेऊन आला. गाय खोड्यात घेतली, पोटाखालून पट्टा लावला, पाय मागे वर बांधला आणि आधी पाण्याने स्वच्छ धुतला. मला वाटलं आता दुखऱ्या जागी चाकू लावणार. त्याने सुरुवात केली चांगल्या, आतल्या नखीपासून. केसांच्या कडेपासून टोकापर्यंत चार बोटं, म्हणजे साडेसात सेंटिमीटर, एवढी लांबी ठेवून पुढचं छाटलं. तळवा साळताना दर थोड्या वेळाने अंगठा दाबून बघत होता. तळवा लवला तर जास्त पातळ झाला, थांबायचं. टाचेला हात लावला नाही. मग बाहेरची नखी आतल्या नखीच्या मापाला आणली. मग हाडाच्या खालची जागा थोडी खोलगट केली, म्हणजे तिथे भार येत नाही आणि बेचक्यात शेण अडकून राहत नाही.

एवढं झाल्यावर त्याने दुखऱ्या नखीवरचा काळा ठिपका बोटाने दाखवला. मोहरीएवढा असेल. चाकूचं वाकडं टोक तिथे लावून एक पापुद्रा काढला, ठिपका मोठा झाला. अजून एक काढला. तिसऱ्याला करड्या रंगाचं पाणी पात्यावरून ओघळलं आणि असा वास सुटला की सासूबाईंनी पदर नाकाला लावला. सुटं झालेलं सगळं शिंग त्याने कडेपर्यंत काढून टाकलं, आतलं लाल मांस न खरवडता. चांगल्या नखीला लाकडाचा ठोकळा चिकटवला, म्हणजे दुखरी नखी जमिनीपासून वर राहिली. ‘महिना-दीड महिना ठोकळा राहू दे, मधे एकदा बघून जातो,’ म्हणाला. खोड्यातून सुटल्यावर चंद्री क्षणभर थबकली, मग चार पावलं टाकून थेट गव्हाणीत तोंड घातलं. त्या दिवशी तिला प्रतिजैविकाचा एक थेंबही दिला नाही. फक्त वेदनाशामक, तेही डॉक्टरांना फोनवर विचारून.

ही पद्धत त्याने मनाने काढलेली नाही. नेदरलँडमधल्या ऊट्रेख्त इथले पशुवैद्य तूसाँ राव्हेन यांनी गेल्या शतकात ती पाच टप्प्यांत बसवली आणि आज जगभरचे खूर साळणारे तीच शिकतात. आमच्या संस्थेने या मुलाला ती शिकवली, चाकू, पक्कड, कानस, ग्राइंडर दिले, याबद्दल आपलं कौतुक मी तेव्हाही केलं होतं. सेवा बंद झाल्यावर तो गोदामात लागला. हातात स्कॅनर घेऊन खोकी मोजतो. त्याचं बरं चाललंय, पगार वेळेवर येतो. आपण त्याला गाईमागे जे देत होता ते महिनोन् महिने थकलं होतं, हेही इथेच लिहून ठेवते.

आता माझी गाऱ्हाणी.

पहिलं गाऱ्हाणं पैशाचं, कारण ते सगळ्यात सोपं आहे. दुधाच्या बिलात ‘पशुवैद्यकीय सेवा’ म्हणून लिटरमागे होणारी कपात अजून चालू आहे. सेवा थांबली, कपात थांबली नाही. हा निर्णय कोणत्या सभेत झाला? वार्षिक सभेत तर हा विषय आलेलाच नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मधल्या कलम ३२ प्रमाणे सभेची इतिवृत्तं आणि ताळेबंद बघायचा मला हक्क आहे. तो मी बजावणार आहे. त्यात राग मानू नये.

दुसरं, ‘आपापली सोय’. आपण सोय करायला सांगता ती कशी करायची? खोडा विकत घेणं चार-पाच गाईंच्या घराला परवडत नाही. खोड्याशिवाय पाय उचलायचा तर गाय दोरीने पाडावी लागते. गाभण गाय पाडायची? भरल्या कासेची गाय पाडायची? कास चिरडली, पोटाला पीळ पडला, तर जबाबदार कोण? पूर्वी बैलांना पत्री मारणारे नालबंद असायचे, ते बैल पाडूनच काम करायचे. बैल कमी झाले तसे तेही कमी झाले, आणि दुभत्या गाईचा तळवा हे त्यांचं काम कधीच नव्हतं. मग उरतो घरातला कोयता. कोयत्याने नखीचं टोक उडवलेल्या गाई मी पाहिल्या आहेत. टोक तुटतं, रक्त येतं आणि आधी न लंगडणारी गाय लंगडायला लागते. खूर साळणं हे शिकून करायचं काम आहे. प्रत्येक सभासदाने स्वतःचं दूध स्वतः तपासून फॅट लावावं असं आपण म्हणता का?

तिसरं गाऱ्हाणं सुईचं, आणि इथे मला जरा जास्त बोलायचं आहे. संस्थेच्या यादीवरचा उपचार करणारा माणूस येतो, गाय गोठ्यात बांधलेली असतानाच लांबून बघतो आणि प्रतिजैविक टोचतो. पाय उचलत नाही. उचलणार कसा, खोडा नाही. बेचक्यातल्या कुजण्याला प्रतिजैविक लागतं, मान्य. तळव्याच्या व्रणाला, पांढऱ्या रेषेत अडकलेल्या खड्याला ते काय करणार? खडा आतच, पू आतच. वेदनाशामकाने दोन दिवस बरं वाटतं आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. इकडे टोचलेल्या औषधाचा अंश दुधात उतरतो. जितके दिवस दूध घालायचं नाही तितके दिवस ते ओतून द्यायचं. न ओतता घातलं आणि चाचणीत सापडलं तर संस्था अख्खा कॅन परत पाठवते. बरोबरच करते, ते दूध कल्याण-ठाण्याच्या घरांत लहान मुलं पितात. पण न लागणारी सुई टोचायला माणूस पाठवणारीही संस्थाच आणि दूध नाकारणारीही संस्थाच. भुर्दंड सभासदाला.

वेदनाशामकांबद्दलही सांगते, कारण सर्रास काहीही दिलं जातं. जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर २००६ पासून बंदी आहे, कारण ते टोचलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की गिधाडं मूत्रपिंड निकामी होऊन मरतात. माणसांच्या औषधाच्या मोठ्या बाटल्या गुरांना वापरल्या जातात म्हणून २०१५ मध्ये ती बाटली ३ मिलिलिटरवर आणली. केटोप्रोफेन आणि असेक्लोफेनॅक यांच्यावरही २०२३ मध्ये जनावरांसाठी बंदी आली. मेलोक्सिकॅम हे गिधाडांना न मारणारं वेदनाशामक सहज मिळतं. संस्थेच्या औषधाच्या कपाटात काय काय आहे, हे एकदा संचालकांनी स्वतः उघडून बघावं.

चौथं गाऱ्हाणं छोटं. खोडा केंद्रामागे पत्र्याच्या शेडबाहेर उभा आहे. त्याचा गिअर गंजलाय, पोटपट्टा उंदरांनी कुरतडलाय आणि त्यावर पशुखाद्याची रिकामी पोती वाळत घातलेली असतात. तो सभासदांच्या पैशाचा आहे.

पाचवं मात्र आपल्याला आवडणार नाही. संस्था लिंगनिर्धारित रेतमात्रांवर (कृत्रिम रेतनासाठीच्या, कालवडच व्हावी अशा) अनुदान देते, दूध स्पर्धेत पहिल्या गाईला चषक देते आणि स्वतःचं पशुखाद्य विकते. तिन्ही चांगलंच. पण लंगडी गाय माजावर आली तरी माज दाखवत नाही. ती दुसऱ्या गाईवर चढत नाही, स्वतःवर चढू देत नाही, जास्त वेळ बसून राहते. माज चुकला की महागडी रेतमात्रा कपाटात आणि तीन आठवडे वाया. पशुखाद्याचं तसंच. आपल्याकडे चारा म्हणजे मुख्यतः भाताचा पेंढा, त्यात दम नाही. म्हणून दूध वाढवायला खाद्याचा मारा होतो. पोटात आम्ल वाढतं, त्याचा परिणाम खुरातल्या त्या जिवंत पडद्यावर होतो आणि शिंग कमजोर तयार होतं. खाद्य विकणाऱ्याने दोन टोपल्या जास्त घालायला सांगितलं तर पायांचं काय होईल हेही सांगायला हवं. खाद्य एकदम न देता दिवसात विभागून द्यावं, पेंढ्याबरोबर हिरवा चारा असावा, बायोटिन हे जीवनसत्त्व आणि जस्त मिळावं, यातलं काहीच केंद्रावर कोणी बोलत नाही. बायोटिन रोज २० मिलिग्रॅम दिलं तर खूर सुधारतात, पण काही महिने लागतात, कारण नवं शिंग वरून खाली यायलाच तेवढा वेळ लागतो.

सचिवांचा एक मुद्दा माझ्या कानावर आला : लंगडली तरी गाय दूध देतेच, मग एवढं काय? २००२ मध्ये इंग्लंडमधल्या संशोधकांनी पाच गोठ्यांतल्या गाईंच्या नोंदी तपासल्या. लंगडलेल्या गाईचं त्या वेतातलं दूध सरासरी ३६० किलोने कमी भरलं, आणि घट लंगडणं नजरेत यायच्या काही महिने आधीच सुरू झालेली होती. त्या गाई मोठ्या, त्यांचं दूध जास्त, आपल्याकडचा आकडा वेगळा निघेल. पण दूध घटतं ते आधी आणि आपल्याला कळतं ते नंतर, हे आपल्या गोठ्यातही तसंच आहे. आपल्यातले जुने संचालक पौषात म्हसा यात्रेच्या बाजारात जनावर घ्यायचे तेव्हा आधी त्याला दहा पावलं चालवून बघायचे आणि मग कासेला हात लावायचे. ती नजर संस्थेत आल्यावर कुठे गेली?

सरकारी दवाखाना आहे, १९६२ या क्रमांकावर फोन केला की फिरतं पथक बोलावता येतं, असं आपण म्हणाल. आजारी जनावरासाठी ते आहेच आणि असावंच. खूर साळणी हे आजारी पडायच्या आधीचं, ठरल्या वेळी घरोघर जाऊन करायचं काम आहे. ते सभासदांची यादी हाताशी असलेली, कुठली गाय कधी व्याली आणि कधी आटवली (पुढच्या वेताआधी तिचं दूध काढणं थांबवलं) हे जाणणारी संस्थाच करू शकते.

आता मागण्या. जादा काही मागत नाही.

खोडा दुरुस्त करा, ट्रॉलीवर बसवा आणि कुठल्या वाडीत कधी येणार याचं पत्रक फळ्यावर लावा, सहीनिशी. प्रत्येक गाईचे खूर वर्षातून दोनदा तपासून साळले जावेत : एकदा आटवताना आणि एकदा व्यायल्यानंतर दोन-तीन महिन्यांनी. पाऊस लागायच्या आत, मे महिन्यात, एक फेरी सगळ्या गाईंची व्हावी.

खूर साळणारे दोन जण नेमा. एकाच माणसावर सेवा टांगली की तो गेला की सेवा गेली. त्यांचे पैसे ज्या त्या महिन्याला द्या. त्यांना शिकवायला पशुवैद्यक लागतील. परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून आहे, त्यांना पत्र लिहून प्रशिक्षणाची विनंती करा. दोघांपैकी एक बाई असली तरी हरकत नाही. गोठ्यात सकाळ-संध्याकाळ वावरतं कोण, ते आपल्याला माहीत आहे. खर्चाचा प्रश्न असेल तर गाईमागचं निम्मं शुल्क आम्ही देऊ. माझ्यासारख्या कितीतरी सभासद हे द्यायला तयार आहेत आणि त्यांच्या सह्या अर्जासोबत जोडते आहे. मात्र मग बिलातली कपात याच कामाला लागली पाहिजे.

संस्थेच्या यादीवरच्या कोणीही पाय उचलून, धुवून, बघितल्याशिवाय लंगडणाऱ्या गाईला प्रतिजैविक टोचू नये. काय दिसलं, कुठल्या पायाला, कुठल्या नखीला, हे गाईच्या कानातल्या बिल्ल्याच्या क्रमांकापुढे लिहावं. बंदी असलेली वेदनाशामकं कपाटातून काढावीत. खोल जखम असेल तर पदवीधर पशुवैद्यकच बोलवावेत, खूर साळणाऱ्याने ते अंगावर घेऊ नये.

लंगडणं लवकर ओळखायचं एक सोपं माप आहे, १ ते ५ गुणांचं, १९९७ मध्ये अमेरिकेत मांडलेलं. उभी असताना आणि चालताना गाईची पाठ सरळ असेल तर १. उभी असताना सरळ पण चालताना पाठीला कमान आली तर २, म्हणजे सुरुवात झाली. उभी असतानाही कमान असेल आणि पावलं आखूड पडत असतील तर ३, तेव्हा पाय उचलायलाच हवा. ४ आणि ५ पर्यंत थांबायचं कारणच नाही. महिन्यातून एकदा ही नोंद करायला आम्ही बायका तयार आहोत. संस्थेने फक्त वही द्यावी आणि ती वाचावी.

खूर-स्नानाचं कुंड केंद्रावर पूर्वी ठेवलेलं होतं. मोरचुदाचं (कॉपर सल्फेटचं) ५ टक्के द्रावण त्वचेच्या चट्ट्यांना आवर घालतं, पुन्हा सुरू करावं. पण वापरलेलं पाणी मागच्या वेळी ओहोळात ओतलं गेलं, आणि तो ओहोळ भाताच्या खाचरांत जातो. तांबं मातीत साठतं, कुठे जात नाही. विल्हेवाट कशी लावायची ते आधी ठरवा, मग कुंड भरा. आणि पाय धुवूनच गाय कुंडात घाला, शेणाने माखलेल्या पायांवर मोरचुदाचा काही उपयोग होत नाही.

कोब्याबद्दल आपण काही करू शकत नाही हे मला कळतं. तरी रबरी मॅट घाऊक दरात आणून हप्त्याने सभासदांना देता येतील. गाय दिवसाचे बारा तास बसली पाहिजे, आणि टणक ओल्या कोब्यावर ती बसत नाही, उभी राहते. गव्हाणीसमोरच्या गुळगुळीत कोब्याला खाचा पाडायचं यंत्र भाड्याने मिळतं, तेही संस्थेने एकदा गावभर फिरवावं.

हा सगळा विषय ३० सप्टेंबरच्या आत व्हायच्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर, स्वतंत्र क्रमांकाने घ्यावा. ‘आयत्या वेळचे विषय’ यात ढकलू नये. सभेआधी पशुवैद्यकीय कपातीचा गेल्या तीन वर्षांचा हिशोब फळ्यावर लावावा : किती जमा झाले, कशावर खर्च झाले, किती उरले. सभेला खोडा मंडपाबाहेर आणून उभा करावा, म्हणजे मतदान करण्याआधी सगळ्यांना बघता येईल. गाय मी आणते.

आपली,
एक उत्पादक सभासद
पडघा परिसर, ता. भिवंडी, जि. ठाणे